गोनिओस्कोपी: डोळ्याचा अँगल तपासून घेतला, माझा आणि आईचा अनुभव

हा रिव्ह्यू कुठल्या हॉस्पिटलचा किंवा डॉक्टरचा नाहीये, एका टेस्टचा आहे. गोनिओस्कोपी. डोळ्यातलं पाणी ज्या कोपऱ्यातून निचरतं तो कोपरा मोकळा आहे का चिंचोळा हे बघायची टेस्ट, डॉक्टर लोक त्याला नुसतं 'अँगल बघितला' म्हणतात. गेल्या अडीच महिन्यांत माझी एकदा झाली आणि आईची दोनदा. ओळखीत विचारलं तर काचबिंदू हा शब्द सगळ्यांना माहीत पण या टेस्टचं नाव एकालाही माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात मावशीपासून झाली. मावशी ६१ वर्षांची, प्लस नंबरचा चष्मा, बाकी तब्येत ठणठणीत. सर्दी झाली म्हणून दोन दिवस नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या घेत होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर उजव्या बाजूचं डोकं असं ठणकायला लागलं की उलट्याच सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त उठलं, रात्रभर पित्ताच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या चालल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत असं ती सारखं म्हणत होती ते कुणी मनावरच घेतलं नाही. सकाळी डोळा लालभडक आणि त्या डोळ्याने समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा. डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं तर ५८, नॉर्मल साधारण १० ते २१ असतं. हा बंद अँगलच्या काचबिंदूचा अटॅक होता, म्हणजे तो निचऱ्याचा कोपरा अचानक बंद होऊन प्रेशर चढलं. डोळा वाचला पण पूर्वीसारखा नाही राहिला. कडेची नजर बरीच गेली आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

यातलं मला सगळ्यात जास्त काय लागलं तर सहाच महिन्यांपूर्वी तिचे डोळे तपासून झाले होते. नंबर काढला, हवेचा झोत मारून प्रेशरसुद्धा मोजलं, १६ आलं, सगळं नॉर्मल म्हणून सांगितलं. आणि ते १६ खोटं नव्हतंच, अँगल चिंचोळा असला तरी अटॅकच्या आदल्या दिवसापर्यंत प्रेशर अगदी छान असू शकतं. फक्त अँगल कुणी बघितला नाही. मावशीच्या डॉक्टरांनीच सांगितलं की तुमच्या घरात रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांचे अँगल बघून घ्या, असे डोळे घराण्यात चालतात. आई आणि मी लगेच निघालो.

आता अँगल म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगते. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे एक पातळ पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो (अश्रू वेगळे, हे आतलं पाणी), तो बाहुलीतून पुढे येतो आणि पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, बुबुळाचा रंगीत पडदा जिथे मिळतो त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातो. मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर, पण पुढचा कप्पाच इतका लहान आहे की दीड-दोन तासांत त्यातलं सगळं पाणी बदलतं. मोरीच्या तोंडाशी जाळी असते ना तसं धरा. बहुतेक लोकांचा कोपरा ऐसपैस असतो. पण डोळा मुळात आखूड असेल (प्लस नंबरवाल्यांचा असतो) आणि त्यात वयाबरोबर आतली लेन्स जाड होत गेली की ती बुबुळाला मागून पुढे ढकलते, बाहुलीतून पाणी यायला अडतं, मागे तुंबतं, पडदा शिडासारखा फुगून पुढे येतो आणि जाळीवर जाऊन बसतो. अंधारात बाहुली अर्धवट मोठी झाली की हे व्हायचा धोका जास्त, म्हणून अटॅक बरेचदा संध्याकाळी किंवा अंधाऱ्या ठिकाणी येतो.

आणि हा कोपरा बाहेरून दिसतच नाही, कितीही चांगला मायक्रोस्कोप घ्या. तिथून निघालेला प्रकाश कॉर्नियाच्या आतल्या बाजूला इतका तिरका येऊन आपटतो की बाहेर न पडता परत आतच वळतो, शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो होतो तेच. डोळ्यावर एक खास भिंग टेकवलं की मधली हवा जाते आणि प्रकाशाला बाहेर यायला वाट मिळते. ट्रांटास नावाच्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा हा कोपरा बघितला, गोनिओस्कोपी हे नावही त्यांचंच, आणि गोल्डमन यांनी १९३८ मध्ये आरसा बसवलेलं भिंग आणलं. आजही तेच तत्त्व वापरतात. इतकी जुनी आणि इतकी साधी गोष्ट आणि तरी रोजच्या तपासणीत सुटून जाते, हे मला कळल्यापासून पचलेलं नाहीये.

आमचा पहिला प्रयत्न वाया गेला तो पण सांगते कारण तुमचाही जाऊ शकतो. पहिल्या ठिकाणी (नाव घेत नाही) नोंदणी करताना मी स्पष्ट सांगितलं होतं की मावशीला बंद अँगलचा अटॅक आलाय, आमचे अँगल बघायचेत. तरी आत गेल्यावर असिस्टंटने नेहमीच्या सवयीने दोघींच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले. अर्ध्या तासाने डॉक्टर आले आणि म्हणाले आता बाहुली पसरलीये, आज अँगल कळणार नाही, परत या. मी हबकलेच, कारण ज्याचा अँगल चिंचोळा असू शकतो त्याची बाहुली अँगल न बघता मोठी करायची म्हणजे धोका ओढवून घ्यायचा. आम्हाला काही झालं नाही पण घरी येईपर्यंत मी आईला दर दहा मिनिटांनी विचारत होते डोकं दुखतंय का, डोळा दुखतोय का. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी अँगल, मग थेंब. थेंबाची बाटली घेऊन कुणी जवळ आलं की तोंडाने विचारा हे कशाचे थेंब आहेत, त्यात संकोच करायचं काहीच कारण नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर काचबिंदूवरच काम करणाऱ्या होत्या आणि तिथला अनुभव सगळा वेगळा. आधी हनुवटी टेकवून नेहमीच्या स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायचा तो मायक्रोस्कोप) बसवलं आणि प्रकाशाची बारीक उभी रेघ बुबुळाच्या अगदी कडेला टाकून अंदाज घेतला, याला व्हॅन हेरिक पद्धत म्हणतात. कडेला कॉर्नियाच्या जाडीच्या मानाने त्याच्या मागची काळी फट किती आहे ते बघतात, फट जाडीच्या पाव किंवा त्याहून कमी असली तर अँगल चिंचोळा असायची शक्यता बरीच. काही टेकवावं लागत नाही, मिनिटभरात होतं, माझी फट पाव होती. पण हा अंदाजच, आत जाळी दिसते का ते यावरून कळत नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या.

मग सुन्न करणारे थेंब. चार-पाच सेकंद चांगलंच झोंबतं आणि मग डोळा आपला नाहीच असं वाटतं. खोलीतले दिवे सगळे बंद केले, दाराखालून उजेड येत होता तो पण बघितला. मला वाटलं मशीनसाठी असेल, पण कारण असं की उजेडात बाहुली लहान होते, पडदा ताणला जातो आणि चिंचोळा अँगलसुद्धा मोकळा असल्यासारखा दिसतो. म्हणूनच त्यांनी प्रकाशाची रेघ पण अगदी छोटी ठेवली आणि बाहुलीवर पडू दिली नाही. तुमची टेस्ट लख्ख उजेडात झाली असेल तर तिच्यावर फार विसंबू नका असं मी म्हणेन.

मग ते भिंग. लहानसं, आत चार आरसे, बोटात धरून सरळ डोळ्यावर टेकवतात. दुखत नाही, खरंच नाही. पापणी ताणल्यासारखी वाटते, पापणी मिटावीशी वाटते आणि मिटता येत नाही, एक गार गुळगुळीत काहीतरी टेकलंय एवढंच जाणवतं. मी पहिल्यांदा डोकं मागे घेतलं, मग त्यांनी सांगितलं कपाळ पट्टीला घट्ट लावून ठेव, दुसऱ्या डोळ्याने समोरच्या ठिपक्याकडे बघत राहा आणि श्वास सोडत राहा. श्वास रोखला की अंग आखडतं, हे सांगितल्यावर एकदम सोपं झालं. वर, खाली, आत, बाहेर असे चारही भाग बघितले, मग भिंगाने हलकंसं दाबून परत बघितलं. दोन्ही डोळ्यांना मिळून सहा-सात मिनिटं. नंतर पंधरा-वीस मिनिटं डोळा चोळायचा नाही कारण सुन्न असताना ओरखडा पडला तरी कळत नाही. काही डॉक्टर जेल लावून मोठं भिंग वापरतात, आईला दुसऱ्या वेळी तसं केलं, त्यात भिंग चिकटून बसतं म्हणून डोळा हलला तरी सरकत नाही पण नंतर थोडा वेळ सगळं धूसर दिसतं. भिंग माझ्यासमोर निर्जंतुक करून घेतलं, मी मागितलं नव्हतं तरी, हे मला फार आवडलं.

ते दाबून बघणं का, तर नुसता टेकलेला पडदा दाबल्यावर मागे सरकतो आणि जाळी दिसायला लागते, पण पडदा जाळीला कायमचा चिकटला असेल तर दाबूनही सुटत नाही. टेकलेलं आणि चिकटलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. माझ्या उजव्या डोळ्यात चारपैकी तीन भागांत जाळीचा मागचा, खरं काम करणारा भाग दिसला नाही पण दाबल्यावर सगळीकडे दिसला. डावा थोडा बरा. प्रेशर १५ आणि १४, डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस व्यवस्थित. याला प्रायमरी अँगल क्लोजर सस्पेक्ट म्हणतात, म्हणजे रोग नाही, पण घडण धोक्याची.

रिपोर्ट मात्र वाचायला अवघड. एक फुली काढलेली आणि तिच्या चार खणांत आकडे. हे आकडे बहुतेक शाफर पद्धतीचे असतात, त्यात ४ म्हणजे ऐसपैस आणि ० म्हणजे बंद, पण शाय म्हणून दुसरी एक पद्धत आहे तिच्यात बरोबर उलटं, ४ म्हणजे बंद. नुसता आकडा बघून खूश होऊ नका किंवा घाबरू नका, कुठली पद्धत ते विचारा. शक्यतो 'जाळी किती भागात दिसली आणि दाबल्यावर उघडली का' एवढं साध्या शब्दांत लिहून मागा.

मला वाटलं होतं आता लगेच लेझर (बुबुळाला बारीक भोक पाडून तुंबलेल्या पाण्याला वाट करून देतात ते) करायला सांगतील आणि मी तयारीने गेले होते. नाही सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून समजावलं की चीनमध्ये ग्वांगझो इथे एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, माझ्यासारखे चिंचोळे पण रोग नसलेले अँगल असणारे ८८९ लोक, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं सहा वर्षं बघितलं. लेझर केलेल्या डोळ्यांत पुढे त्रास झाला तो वर्षाला हजार डोळ्यांमागे साधारण ४ आणि न केलेल्यांत साधारण ८. म्हणजे लेझरने धोका निम्म्यावर येतो, पण मुळात तो धोकाच बराच कमी होता, त्यामुळे सरसकट सगळ्यांना लेझर करू नये असा निष्कर्ष. मला सहा महिन्यांनी परत बोलावलंय, लक्षणं कागदावर लिहून दिलीयेत आणि काही झालं तर दिवस असो रात्र असो थेट यायचं. काही वेळा निर्णय वेगळा लागतो असंही म्हणाल्या, म्हणजे एका डोळ्याला अटॅक येऊन गेला असेल, किंवा साखरेमुळे वारंवार बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना, बुबुळाचा नव्हे) तपासावा लागत असेल, किंवा माणूस राहतो तिथून वेळेत डॉक्टरपर्यंत पोचणं शक्य नसेल. मावशीच्या दुसऱ्या डोळ्याला म्हणूनच लगेच लेझर केला.

आईचं प्रकरण वेगळं निघालं. तिच्या डाव्या डोळ्यात दोन ठिकाणी पडदा चिकटलेला, दाबूनही सुटला नाही, प्रेशर २४. नस अजून ठीक. तिला कधीच काही त्रास झाला नव्हता, दुखणं नाही, लाली नाही, कडी नाही, आणि हे सगळं गुपचूप चाललं होतं. बंद अँगलचा काचबिंदू म्हटला की आपल्याला मावशीसारखा अटॅक आठवतो, पण डॉक्टर म्हणाल्या बहुतेकांचा असाच न सांगता वाढतो. आईला लेझर इरिडॉटॉमी केली, बुबुळाच्या कडेला बारीक भोक पाडतात, मागचं तुंबलेलं पाणी त्यातून पुढे येतं. आधी बाहुली लहान करायचे थेंब घातले त्याने तिची भुवई तासभर ठणकत होती, लेझर काही मिनिटांचा, टक् टक् असा आवाज आणि टोचल्यासारखं, मग तासाभराने प्रेशर मोजून घरी.

पंधरा दिवसांनी तिची परत गोनिओस्कोपी झाली, आणि हे मला माहीत नव्हतं की लेझरनंतर पण अँगल बघावाच लागतो. कारण भोक पडलं म्हणजे कोपरा उघडला असं नाही, काहींच्या पडद्याची ठेवणच अशी असते की भोक पाडूनही कोपरा चिंचोळा राहतो. आईचा बराच उघडला, चिकटलेलं तेवढं राहिलं. तिला मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यामुळे पुढे लेन्स काढायचा विचार लवकर करू असं ठरलंय, जाड लेन्स निघून तिच्या जागी पातळ आली की कोपऱ्याला जागाच जागा. आईसारखं प्रेशर थोडंसंच वाढलेल्यांना हे लगेच लागतंच असं नाही, पण २०१६ च्या ईगल नावाच्या अभ्यासात प्रेशर ३० किंवा वर गेलेले किंवा खरंच काचबिंदू झालेले ४१९ लोक होते आणि त्यांच्यात आधी लेन्स काढणं लेझरपेक्षा सरस ठरलं होतं.

अँगलचा स्कॅन पण निघतो, पुढच्या भागाचा ओसीटी. मी दोन्ही केलं म्हणून तुलना करते. स्कॅनला काही टेकवत नाहीत, पूर्ण अंधारात होतो, कोपऱ्याचं आडवं कापल्यासारखं चित्र छापून मिळतं आणि माझ्या भावाला समजावताना ते चित्र फार उपयोगी पडलं. पण माझ्या स्कॅनमध्ये डॉक्टरांनी बघितलं त्यापेक्षा जास्त भाग बंद दिसला आणि मी घाबरले. त्या म्हणाल्या असं नेहमी होतं, स्कॅन जास्त बंद दाखवतो, आणि त्याला दाबून बघता येत नाही, जाळीवर काळपट रंग साचलाय का किंवा नको तिथे नव्या रक्तवाहिन्या आल्यात का हे त्या राखाडी चित्रात दिसत नाही. ज्यांना डोळ्याला हात लावलेला अजिबात सहन होत नाही त्यांनी निदान स्कॅन तरी करावा, पण 'स्कॅन झालाय, आता गोनिओस्कोपी नको' हे बरोबर नाही.

टेस्टमधला खरा कमकुवतपणा म्हणजे सगळं करणाऱ्याच्या हातावर आहे. नकळत भिंग दाबलं गेलं की बंद अँगल उघडा दिसतो, उजेड जास्त असला तरी उघडा दिसतो, आणि घाईत एकच भाग बघून 'ओपन' लिहिलं तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. वरचा भाग सहसा सगळ्यात चिंचोळा असतो, म्हणून चारही खणांत काहीतरी लिहिलंय ना तेवढं बघा.

औषधांबद्दल एक गोष्ट राहिली. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, पोटात मुरडा आल्यावरच्या, काही डिप्रेशनच्या गोळ्यांच्या कागदावर 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' असं लिहिलेलं असतं. ती सूचना मुख्यतः चिंचोळ्या अँगलवाल्यांसाठी आहे. म्हणजे होतं काय, ज्यांना उघड्या अँगलचा काचबिंदू आहे आणि रोज थेंब घालतात ते बिचारे ती गोळी घ्यायला घाबरतात, आणि ज्यांना खरा धोका आहे त्यांना आपला अँगल चिंचोळा आहे हेच माहीत नसतं, मावशीसारखं, ते म्हणतात मला कुठे काचबिंदू आहे. मी आता माझ्या चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी ठेवलीये, 'दोन्ही अँगल चिंचोळे, लेझर झालेला नाही', आणि औषधाच्या दुकानात ती दाखवते.

ज्यांचं वय चाळीस-पन्नासच्या पुढे आहे, प्लस नंबर आहे, घरात कुणाला काचबिंदू आहे, किंवा संध्याकाळी एका बाजूचं डोकं दुखून दिव्याभोवती कडी दिसतात आणि झोपल्यावर बरं वाटतं, त्यांनी पुढच्या तपासणीला 'माझा अँगल बघितला का' एवढं विचाराच. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे आणि आपल्या घरातल्या बायका डोकेदुखी अंगावर काढण्यात पटाईत, म्हणून आईला, मावशीला, सासूबाईंना तुम्हीच घेऊन जा.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो त्या कळत नसलेल्या रिपोर्टसाठी आणि हातावर अवलंबून असण्यासाठी. माझी पुढची तारीख साडेतीन महिन्यांनी आहे, त्याच डॉक्टरांकडे जाणार आहे, म्हणजे दोन्ही वेळचं बघणं एकाच नजरेचं असेल आणि फरक पडला तर तो डोळ्यात पडलाय हे कळेल. भावाला त्याच दिवशीची वेळ घेतलीये, त्याचा नंबर प्लस दोन आहे.